रेकॉर्ड प्लेअर पुसल्याची शिक्षा

नाही, मला आधी एक सांगा, घाण झालेली वस्तू साफ करणं हा गुन्हा कधीपासून झाला? कारण आमच्या घरात बारा दिवस झाले, माझ्याकडे सगळे असे बघतायत की मी जणू कुणाचा गळा दाबलाय. मी काय केलं? वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर उघडला, पुसला, तेलपाणी केलं आणि बंद केला. बस. आता तुम्ही म्हणाल, हां, म्हणजे उघडला आणि परत जोडता आला नाही, चार स्क्रू उरले, ते वाटीत घालून माळ्यावर ठेवले... नाही हो. एकही स्क्रू उरला नाही. सगळं जिथल्या तिथे आणि वाजतोय, कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशी वाजला असेल तस्सा वाजतोय, आणि हेच तर दुखणं आहे. बिघडला असता ना, तर लोकांनी एक वेळ माफ केलं असतं. मी दुरुस्त केला म्हणून भोगतोय. माझं काय चुकलं, तेवढं सांगा.

बरं, मी काही हौशी हातोडेबहाद्दर नाही. पस्तीस वर्षं वजनकाटे तपासायची नोकरी केली मी. बाजारात जायचं, दुकानदाराच्या काट्यावर आपली पितळी वजनं ठेवायची आणि काटा खरं बोलतोय की खोटं ते बघायचं. पाच ग्रॅमचा फरक मला दुकानाच्या पायरीवरून कळायचा. बाजारात मला 'ग्रॅम' म्हणायचे. 'आला रे ग्रॅम' म्हटलं की अर्ध्या दुकानांचे हात आपोआप काट्यापासून लांब व्हायचे. तर हा ग्रॅम गेल्या महिन्यात निवृत्त झाला. आणि निवृत्त माणूस घरात असला की काय होतं, ते घरातल्या बाईला विचारा. आमच्या हिने पंधरा दिवस कळ काढली आणि मग म्हणाली, "अहो, माझ्या डब्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या काय चिकटवताय? दुसरं काहीतरी हातात घ्या ना. तो बाबांचा प्लेअर बघा केवढा कळकटलाय. रविवारी माणसं येणार आहेत." हे कोण म्हणालं? ही म्हणाली. आता विचारा तिला. "मी? मी नुसतं वरून फडकं मारा म्हटलं होतं."

रविवारी माणसं कशाला, तर आईबाबांच्या लग्नाला साठ वर्षं होत होती. बाबा चौऱ्याऐंशीचे. आता बाबांचं सगळं आयुष्य मी तुम्हाला सांगत बसत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. रोज संध्याकाळी पाच वाजता ते प्लेअरपाशी ताठ बसतात, एकच रेकॉर्ड लावतात आणि त्यातल्या गवयाबरोबर तेच एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. दुसरं गाणं नाही, दुसरा गवई नाही. गेल्या वर्षी छातीच्या आजाराने दोन महिने झोपून होते. डॉक्टरांनी जिने बंद केले, बाजार बंद केला, गाणं तेवढं चालू ठेवलं. शेवटची ओळ आहे ना, तिला एक लांबलचक ओढ आहे, भल्याभल्यांचा श्वास संपेल अशी. बाबा म्हणतात, "त्या ओढीच्या टोकाला मी त्याच्याबरोबर पोचतोय तोवर मी आहे." गंमत म्हणून नाही, मनापासून म्हणतात. आणि आयुष्यात कधी चार माणसांत न गायलेला हा माणूस रविवारी चाळीस माणसांसमोर गाणार होता. स्वतः जाहीर केलं होतं त्यांनी.

मग अशा दिवशी मशीन चकाचक नको? मंगळवारी सकाळी आईबाबा छाती तपासायला गेले आणि मी बसलो. लाकडी पेटी, हातात धरून न्यायच्या बॅगेसारखी, वर झाकण. बाबांनी लग्नानंतर लगेच जुन्या सामानातून घेतलेली, आणि तेव्हापासून तिला दुसऱ्याचं बोट लागू दिलं नाही. मी उघडायच्या आधी काय केलं, ऐका. रेकॉर्ड फिरते त्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ समोर ठेवलं आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोजलं. सवय हो, सवय. किती व्हायला हवेत? तेहतीस आणि वर एक तृतीयांश. आणि झाले किती? तीस! पुन्हा मोजलं. तीस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी जगभरच्या काट्यांना खोटं बोलताना पकडत फिरलो आणि माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली, मिनिटाला तीन फेऱ्यांची चोरी. मापात पाप आणि तेही आमच्या बैठकीच्या खोलीत.

मग काढला. वरची रबरी चटई काढली, मधली बारीक कडी काढायला गेलो तर ती टुणकन उडून कपाटाखाली, मी पालथा, ही बॅटरी धरून उभी आणि वरून, "मी नुसतं वरून म्हटलं होतं." थाळी उचलली आणि आत बघतो तर... काय नव्हतं ते विचारा. धूळ, केस, एक शर्टाचं बटण, कुठल्या तरी किड्याचं तंगडं, आणि वंगण होतं ते वाळून मेणासारखं घट्ट. जुना दातांचा ब्रश घेतला, स्पिरिट घेतलं, कापसाचे बोळे फिरवले, शिलाई मशीनचं तेल थेंबाथेंबाने सोडलं. आणि मग मला ती दिसली. चिंधी. चार बोटं लांब, तेल पिऊन काळी ठिक्कर, आत एक लोखंडी खुंटी आहे तिच्याभोवती गुंडाळून हाताने टाके घातलेली, आणि थाळीच्या आतल्या कडेला अशी घासून राहिलेली. मी मोठ्यांदा म्हणालो, "कुठल्या अडाण्याचं काम आहे हे?" टाके कापले, चिंधी कचऱ्यात टाकली, अकराला कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

पुन्हा जोडून मोजलं. तेहतीस आणि एक तृतीयांश, न एक केस इकडे न तिकडे. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता सांगा, माझं काय चुकलं?

संध्याकाळी पाचला बाबा बसले. मी मुद्दाम काही बोललो नाही, म्हटलं त्यांचं त्यांना कळू दे, चेहरा बघू. सुई टेकली आणि गवई सुरू झाला. तुम्हाला सांगतो, जन्मापासून आमच्या घरात त्या गवयाचा आवाज म्हणजे कसा, भारदस्त, खर्जातला, घरातला एखादा वडीलधारा बोलावा तसा. आणि आता त्या पेटीतून निघाला एक पातळ आवाजाचा तरुण माणूस, आणि त्याला घाई केवढी, शब्दाच्या पाठीवर शब्द. बाबा म्हणाले, "हा कोण?" तरी उचललं त्यांनी. पहिली ओळ उंच पडली, मान ताणून म्हटली. दुसरीला ते मागे राहिले. तिसरीला श्वास घ्यायला थांबले, तोवर तो पठ्ठ्या पुढच्या वळणावर. आणि ती शेवटची ओढ आली, तिच्या अर्ध्यातच बाबांना ठसका लागला, असा लागला की आई पाणी घेऊन धावली.

"काय केलंस तू?"

"साफ केलं, बाबा."

"बिघडवलंस."

"अहो मी मोजलंय, मिनिटाला तेहतीस..."

"गाणं काय किलोवर घेतोस?"

आणि मागून हिचं, "मी म्हटलं होतं, नुसतं वरून." एवढ्यावर निभावलं असतं तरी मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण, ते अजून बाकी होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक मास्तर राहतात, मुलांना व्हायोलिन शिकवतात. मास्तर आणि बाबा एके काळी जिवाभावाचे दोस्त. तीस वर्षांपूर्वी एकदा मास्तर आमच्याकडे बसले असताना म्हणाले, "तुमचं मशीन एक अख्खा सूर उतरलेलं वाजतं." बाबा म्हणाले, "तुमचे कान उतरलेत." त्याला तो शब्द लागला, याला हा, आणि तेव्हापासून दोघं जिन्यात समोरासमोर आले की एक डाव्या भिंतीकडे बघतो, एक उजव्या. तीस वर्षं! तर मंगळवारी मास्तरांनी खालून ते गाणं ऐकलं, आणि धावत वर आले. बनियनवर. एका हातात व्हायोलिनचा गज. दारातच म्हणाले, "लागलं! शेवटी बरोबर लागलं."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मशीनकडे. म्हणाले, "म्हणजे मशीन बरोबर आहे?"

"शंभर टक्के," आम्ही दोघं म्हणालो. एकदम. दोन शहाणे.

बाबा भांडले नाहीत हो. भांडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग मीच संपलो. दम गेला माझा. रविवारचं सगळ्यांना नको म्हणून कळवा." उठले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. मी तिथे हातात स्पिरिटचं फडकं धरून उभा.

तेवढ्यात आईने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आमची आई म्हणजे आयुष्यात कुणाला 'अरे' ला 'का रे' न म्हणालेली बाई. ती माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "थाळीखालची चिंधी काढलीस का रे?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत तिथे चिंधी होती ते?"

"मीच लावली होती."

मी खाली बसलो. होतो तिथेच, फरशीवर. आई गॅस बारीक करत सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. "लग्न नवं होतं. हे कामावरून यायचे आणि त्याच्याबरोबर म्हणायला बसायचे. तो धावायचा, ह्यांचा श्वास पुरायचा नाही. मग चिडायचे. ताटावर बसायचे नाहीत, बोलायचे नाहीत, रात्रभर म्हणायचे मला काहीच जमत नाही. रोजचं झालं ते. मग एका दुपारी मी ते उघडलं आणि जुन्या परकराची चिंधी लावली. पहिल्यांदा फारच हळू झालं. मग थोडी कातरली. संध्याकाळी बघायचं, दम कुठवर पुरतो. दुसऱ्या दुपारी परत थोडी कातरायची. दोन वर्षं लागली मला बसवायला. एके दिवशी हे शेवटपर्यंत पोचले, आणि त्या दिवशी..." त्या दिवशी काय ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, "तुला काय वाटलं, या घरात शांतता आपोआप होती?"

पस्तीस वर्षं मी काटे जुळवले, सरकारी वजनं घेऊन. या बाईने एका माणसाच्या श्वासावर मशीन जुळवलं, घड्याळ न लावता, आणि ते अठ्ठावन्न वर्षं हललं नाही. आणि मी त्याला अडाण्याचं काम म्हणालो, आणि कचऱ्यात टाकलं! राग येतो हो. स्वतःचाच येतो. पण मी म्हणतो, मला आधी सांगायला काय झालं होतं?

मी म्हटलं, "आणि मास्तर?" तिचा हात थांबला. म्हणाली, "ते एक मला खातं. त्यांचं खरं होतं. पण तेव्हा मी बोलले असते तर ह्यांचं गाणं गेलं असतं. दोस्ती गेली, ती मी जाऊ दिली." आणि मग माझ्याकडे बोट रोखून, "हे ह्यांना कळता कामा नये. तुझ्या बायकोलासुद्धा नाही. तिच्या पोटात काही राहत नाही." आता आलं लक्षात? सगळं घर म्हणतंय मी मशीन बिघडवलं, आणि मी ते बिघडवलं नाही हे मला सिद्ध करता येतं, दोन मिनिटांत, कागदाच्या कपट्यावर, आणि मला ते करायचं नाही! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मास्तर अजून बाहेर बसले होते, गज मांडीवर घेऊन, बाबांनी बाहेर यायची वाट बघत. आई त्यांच्यापाशी गेली आणि हळू आवाजात चार वाक्यं बोलली. मी दारातून बघत होतो. मास्तरांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. तीस वर्षं धरून ठेवलेलं खरं हातात आलं, आणि अर्ध्या तासात ते परत द्यायचं. पण उठले हो. आत गेले, बाबांच्या पलंगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी पुन्हा विचार केला. मशीन यानेच बिघडवलंय. पहिलं होतं तेच बरोबर होतं. माझेच कान उतरलेत."

बाबा भिंतीकडून वळले. "तीस वर्षं मी काय सांगत होतो?"

"तेच."

"मग बसा. चहा घ्या."

झालं. दोघं बसले चहाला, तीस वर्षांचं बोलणं तुंबलेलं, आणि पहिला विषय कोण? मी. "निवृत्त माणसाच्या हातात पाना देऊ नये." "अहो, काट्याच्या माणसाला सुरातलं काय कळणार?" हे मास्तर म्हणाले! मास्तर! परत जाताना जिन्यात त्यांनी माझा दंड धरला, दुखेल इतका घट्ट. "एक सूर होता. अख्खा एक सूर. मी खरं बोलत होतो." मी म्हटलं, "माहीत आहे, मास्तर." डोळे पुसले त्यांनी आणि म्हणाले, "कुणाला सांगू नका."

आता रविवारपर्यंत चार दिवस, आणि मला पुन्हा तीस आणायचे होते. बाबांना सांगितलं, मशीन दुरुस्त करतोय. दुपारी ते झोपले की मी आणि आई थाळी उचलून बसायचो. मोज्याची पट्टी लावली, एकतीस आले. आईच्या परकराचा नवा तुकडा लावला, अठ्ठावीस. लोकरीचा लावला, तर थाळीत अडकून मशीन ठप्प. कातरली की जास्त, जोडली की कमी. आईला आता टाका दिसत नाही, बोटं थरथरतात, म्हणाली, "दोन वर्षं लागली होती रे, तेव्हा डोळे होते." ही येताजाता, "अजून झालं नाही? करायला गेलात एक..." शनिवार उजाडला तरी चिंधी काही बसेना. तेव्हा आईने माझा हात धरला, थाळीच्या कडेला माझं बोट टेकवलं. "इथे. हळू. अजून हळू... असं. बस." मी कपटा मोजला. दोन सेकंदाला एक फेरा. मिनिटाला तीस. तुम्हाला कळतंय का हे? काट्याला बोट लावलं म्हणून मी माणसांची दुकानं बंद केलीयत!

रविवारी चाळीस माणसं आली. मी प्लेअरच्या बाजूला खुर्ची टाकून, उभ्या झाकणाच्या आड हात घालून बसलो. ही आली, "अहो, तिथे काय ठाण मांडलंय, माणसांना पाणी कोण देणार?" उठलो नाही. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "याला जरा तिथून उठवा, हा मशीनच्या जवळ असला की मला धास्ती वाटते." चाळीस माणसं हसली. उठलो नाही. सुई टेकली, मी बोट लावलं, आणि आला, आमचा वडीलधारा आला, भारदस्त, सावकाश. बाबांनी उचललं. पहिली ओळ बरोबर, दुसरी बरोबर. मला घाम सुटलेला, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, दोन सेकंद, दोन सेकंद. मग ती शेवटची ओढ आली, आणि मला दिसलं की बाबांच्या गळ्याची शीर ताणलीय, श्वास संपत आलाय, आजाराच्या आधीचा दम नाही राहिला हो, तीससुद्धा जड जातायत. मी काय केलं असेल? दाबलं बोट. एकोणतीस केलं, अठ्ठावीस केलं. गवई बिचारा खाली खाली उतरत गेला, पुढच्या रांगेत मास्तरांनी दाढ दुखत असल्यासारखे डोळे मिटून घेतले, आणि बाबा पोचले. टोकापर्यंत. त्याच्याबरोबर. टाळ्या पडल्या. आई बाबांकडे बघत नव्हती, झाकणाकडे बघत होती.

बाबा उभे राहिले, घाम पुसला आणि माणसांना म्हणाले, "मध्यंतरी मशीन बिघडलं होतं. माझ्या मुलाने हात लावला होता. आता सुधारलं, आपोआप."

आपोआप! तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला मी कुठेही असलो तरी घरी येतो. कचेरीतले जुने सोबती भेटले की विचारतात, काय साहेब, निवृत्तीनंतर काय करता? मी सांगतो, लागलो आहे एका ठिकाणी. चिंधीची जागा रिकामी होती.